हॅरी पॉटरची रुजुवात

अद्भुत कथेचा वाचक वरकरणी कितीही भाबडा दिसत असला, मनुष्याचा उंदीर होणे, तसबिरीतील आसामीने शेजारच्या तसबिरीत गप्पा मारावयास जाणे आणि शाळकरी पोरांनी खराट्यावर बसून आकाशात चेंडू खेळणे हे सर्व तो चकार शब्द न काढता मान्य करीत असला, तरी त्याच कथेवरून निघालेला चित्रपट दुसऱ्यांदा पाहावयास बसला म्हणजे त्याच्या अंगात एकाएकी मुन्सफ संचरतो. आणि ज्याने खराट्याच्या उड्डाणाबद्दल कधी शंका घेतली नाही तोच गृहस्थ, तो खराटा पोरास नाताळात मिळाला होता, शालेय वर्षाच्या अखेरीस नव्हे, एवढ्या एका कलमावर चित्रपटकर्त्यास आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. खराटा उडतो याला हरकत नाही, तो उशिरा पोहोचला याला आहे.

परभणीस हा मुन्सफ उन्हाळ्यात विशेष जागृत होतो. ‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ ही म्हण ज्या कोणी प्रचारात आणली त्याने ती बहुधा हिवाळ्यात आणली असावी. कारण मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या आगेमागे घुटमळू लागला की या शहरातील शहाणी माणसे सकाळी अकराच्या आत दारे लोटून घेतात, ती दिवस कलेपर्यंत उघडत नाहीत, आणि त्या सक्तीच्या एकांतवासात शाळांना सुट्टी असलेली मुले व नोकरीला कायमची सुट्टी मिळालेली वडीलधारी माणसे दूरदर्शन संचासमोर एकत्र येतात. त्या सुमारास कोणती ना कोणती वाहिनी हॅरी पॉटरचे आठही चित्रपट हिंदी संवादांसह एका ओळीत लावतेच. कूलर चालू ठेवावा तर मुख्याध्यापक डंबलडोर हळू आवाजात जी महत्त्वाची गोष्ट सांगतो ती ऐकू येत नाही, आणि बंद करावा तर ती ऐकावयास प्रेक्षक शुद्धीवर राहत नाही, अशा पेचात ही चित्रपटमाला आमच्या गल्लीत दरसाल पार पडते.

आमचे शेजारी नायब तहसीलदार म्हणून सेवानिवृत्त झाले. निजामाची अमदानी १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली खरी, परंतु तिची दफ्तरी भाषा काही तिच्याबरोबर गेली नाही, आणि म्हणून मराठवाड्यात त्या हुद्द्यास आजही पेशकार म्हणणारी माणसे आहेत. आमच्या गल्लीत तर त्यांना दुसरे नावच नाही. उभी हयात त्यांनी खासरा पत्रकाशी सातबारा आणि सातबाऱ्याशी फेरफार ताडून पाहण्यात घालविली, त्यामुळे एक कागद दुसऱ्या कागदावरून तयार झाला आहे असे कळले की त्या दोहोंतील तफावत शोधून काढल्याखेरीज त्यांना जेवण गोड लागत नाही. त्यांच्या नातीजवळ भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढलेली मराठी भाषांतरे आहेत. पहिल्याचे नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. नात पलंगावर पालथी पडून पाहते, पेशकारसाहेब खुर्चीत, मांडीवर पुस्तक, कानावर पेन्सिल.

“आबा, हे पुस्तकात नाहीये,” नात म्हणते.

“नाही असं तोंडी सांगून चालत नाही. पान काढ.”

मग पान निघते, तोवर पडद्यावर एखादा मनुष्य मरून गेलेला असतो, आणि आम्ही इतर मंडळी त्यास मुकलेलो असतो.

दस्तऐवजाची हकीकत थोडक्यात अशी. जे. के. रोलिंगबाईंची मूळ पुस्तके सात, १९९७ ते २००७ या दहा वर्षांत निघालेली. चित्रपट आठ, २००१ ते २०११ या दहा वर्षांत निघालेले. सातांचे आठ कसे झाले, तर शेवटच्या पुस्तकाची दोन हिस्स्यांत वाटणी झाली. या आठांवर चार अंमलदार होऊन गेले: पहिल्या दोहोंवर ख्रिस कोलंबस, तिसऱ्यावर अल्फॉन्सो क्वारोन, चौथ्यावर माइक न्यूएल आणि पाचव्यापासून अखेरपर्यंत डेव्हिड येट्स. नवा जिल्हाधिकारी रुजू झाला म्हणजे कामकाज समजून घेण्याआधी मेजाची दिशा बदलतो, पडदे बदलतो, आणि आधीच्याने लावलेली कुंडी जिन्याखाली ठेववितो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या चित्रपटमालेतील फेरबदलांचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. येट्स यांची मात्र अखेरपर्यंत बदलीच झाली नाही, यावरून त्यांचे वरपर्यंत वजन असले पाहिजे, असा पेशकारसाहेबांचा कयास आहे. अंमलदार बदलले तरी हेडक्लार्क जसा जागचा हलत नाही, तसे पटकथेचे काम पाचवा चित्रपट वगळता सातही वेळा स्टीव्ह क्लोव्हज यांच्याकडेच राहिले. तेव्हा चुकांची जबाबदारी नेमकी कोणावर ठेवावी, हा प्रश्न तेथेही येथल्याइतकाच अवघड आहे.

आकारणीची तऱ्हा तर त्याहून विलक्षण. इंग्रजी मूळ आवृत्तीत दुसरे पुस्तक अवघे २५१ पानांचे. त्याचा चित्रपट १६१ मिनिटांचा, म्हणजे आठांत सर्वांत लांब. पाचवे पुस्तक ७६६ पानांचे, उशाला घेऊन निजावे एवढे. त्याचा चित्रपट १३८ मिनिटांचा, आणि याहून आखूड असा चित्रपट सबंध मालेत एकच, शेवटचा. पेशकारसाहेबांनी पुस्तकाच्या मलपृष्ठावर पेन्सिलीने भागाकार करून दाखविला: दुसऱ्यात दर पानास सुमारे अडतीस सेकंद, पाचव्यात सुमारे अकरा. एकाच तालुक्यातील दोन गावांना असा वेगळा दर लावणाऱ्या अंमलदाराची त्यांच्या काळात खातेनिहाय चौकशी झाली असती, आणि ती चौकशी तो निवृत्त होईपर्यंत चालली असती.

कोलंबस यांच्या पहिल्या दोन चित्रपटांवर पेशकारसाहेबांची मेहेरनजर आहे. अस्सलबरहुकूम नक्कल जशी असावी तशी ती आहे, कानामात्रेचा फरक नाही. गेला असेल तर पीव्हज नावाचा तो खोडकर पिशाच्च तेवढा गेला, आणि तोही बिचारा अगदीच बेवारशी गेला नाही, कारण रिक मायल नावाच्या नटाकडून त्याचे काम करून घेतले होते, नंतर ते कापले. मलाही या दोन चित्रपटांविषयी ममत्व आहे. जॉन विल्यम्स यांचे संगीत आहे, शेकडो मेणबत्त्यांनी उजळलेला भोजनकक्ष आहे, रिचर्ड हॅरिस यांचा मृदू, जरासा थकलेला डंबलडोर आहे. परंतु नक्कल ही वाचावयाची वस्तू नसून फाइलीस लावावयाची वस्तू आहे, आणि ज्या चित्रपटात पुस्तकातील प्रत्येक प्रसंग आपल्या पाळीची वाट पाहत रांगेत उभा असतो, त्यात तिसऱ्या पारायणाच्या वेळी प्रेक्षकाच्या मानेला पहिली डुलकी कोठे येते ते सांगता येते. आमच्या गल्लीत ती खराट्यावरील सामना सुरू होण्यापूर्वीच येते.

खरा खटला उभा राहतो तो क्वारोन यांच्यावर, आणि या खटल्यात पेशकारसाहेब सरकारपक्षाचे व मी आरोपीचा वकील अशी आमची कायमची वाटणी झालेली आहे. त्यांचा फिर्यादीअर्ज मोठा आहे. पहिल्या दोन चित्रपटांत शाळेचा रखवालदार हॅग्रिड याची झोपडी शाळेच्या तटाजवळ सपाटीवर होती; तिसऱ्यात ती खडकाळ उतार उतरून पार खाली गेली, कारण ते चित्रीकरण स्कॉटलंडातील ग्लेन्को येथील डोंगरात झाले. “झोपडी हलली म्हणजे गट नंबर बदलला,” पेशकारसाहेब म्हणतात, “फेरफार कुठंय? नोटीस कुणाला दिली?” वाड्यास लागून एक झाकलेला लाकडी पूल नव्यानेच उगवला, त्याचीही कोठे मंजुरी नाही. फ्लिटविक नावाचे मास्तर दोन वर्षे पांढऱ्या दाढीचे वयोवृद्ध गृहस्थ होते. तिसऱ्या वर्षी त्यांच्याच नटास, वॉर्विक डेव्हिस यांस, काळे केस व काळी मिशी लावून गायकवृंदापुढे उभे केले, आणि चौथ्यापासून फ्लिटविक म्हणून तेच रूप कायम केले. सेवापुस्तकातील जन्मतारीख निवृत्तीच्या तोंडावर दुरुस्त करून घेणारे पुष्कळ कर्मचारी पेशकारसाहेबांनी पाहिले होते. परंतु एका उन्हाळी सुट्टीत चाळीस वर्षे कमी करून घेणारा, आणि ती दुरुस्ती दाढीनिशी अमलात आणणारा हा पहिलाच, हे त्यांनी काहीशा आदरानेच नमूद केले आहे.

सर्वांत गंभीर कलम नकाशाचे. हॅरीच्या हाती एक नकाशा येतो, त्यावर शाळेतील प्रत्येक दालन, प्रत्येक चोरवाट आणि चालतेबोलते प्रत्येक मनुष्य हलताना दिसतो, आणि माथ्यावर चार टोपणनावांनी सह्या असतात. पुस्तकात या चार सह्या कोणाच्या याचा यथास्थित उलगडा आहे: त्यांतील एक हॅरीचा बाप, दुसरा त्याचा धर्मपिता सिरियस, तिसरा त्याचे मास्तर ल्युपिन, चौथा तो उंदीर झालेला विश्वासघातकी पेटिग्रू. चित्रपटात मास्तर तो नकाशा जप्त करतात, उघडून पाहतात, उपयोग ठाऊक असल्यासारखे बोलतात, आणि आपणच तो काढला हे अखेरपर्यंत कोणाला सांगत नाहीत. मोजणी खात्याच्या कागदावर मोजणीदाराची सही आहे, परंतु मोजणीदार कोण ते कोणालाच ठाऊक नाही, अशा नकाशावर एकाही तहसिलीत बांध पडणार नाही. आणि येथे मला माझ्या अशिलाच्या विरुद्ध एक कबुली दिली पाहिजे: यात नुकसान केवळ दफ्तराचे झालेले नाही. त्या बापाला हरणाचे रूप घेता येत असे, ही गोष्ट त्या सह्यांच्या उलगड्यात दडलेली आहे. ती गाळली म्हणजे हॅरीच्या कांडीतून निघालेले शिंगाळे जनावर त्याचा बाप आहे हे नव्या प्रेक्षकास कळतच नाही, त्याला ते नुसते सुंदर जनावर वाटते.

तरीही माझा निकाल ठरलेला आहे: आठांत श्रेष्ठ तिसराच. तिकीटबारीवरील उत्पन्नाच्या दृष्टीने तो आठांत सर्वांत मागे राहिला, हे मला त्याच्या बाजूचेच वाटते. शाळेच्या आवारात एक मारका वृक्ष आहे, जवळ आलेल्या कोणालाही तो फांद्यांनी झोडपतो. क्वारोन या झाडाला ऋतुमान सांगण्याच्या कामी लावतात. एक निळे पाखरू निर्वेधपणे उडत उडत येते, झाडाजवळ पोहोचते, एक फांदी हलते आणि पाखराच्या जागी चार पिसे उरतात. थोड्या वेळाने त्याच झाडाची उरलीसुरली पाने एकदम गळतात. पुढे हिवाळा सरतो तेव्हा ते ओल्या कुत्र्याप्रमाणे अंग झाडते आणि बर्फाचा एक लपका थेट आपल्या पडद्याच्या काचेवर येऊन बसतो. पुस्तकात यातील एकही गोष्ट नाही. संवाद नाही, निवेदन नाही, पण वर्ष गेले हे कळते, आणि ते गेले ते कोणास काही सुखाचे गेले नाही हेही कळते. पोरांच्या अंगावर शाळेच्या झग्याऐवजी घरचे कपडे येतात, गळ्यातील टाय सैल पडतो, ती तेरा वर्षांची दिसू लागतात. हे सर्व मी दरवर्षी पेशकारसाहेबांसमोर मांडतो. ते शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, “ते समदं ठीक. नकाशा कुणी काढला?”

न्यूएल यांच्या चौथ्या चित्रपटाविषयी मी फार वेळ घेणार नाही. ६३६ पानांचे पुस्तक इतक्या घाईने हाकले आहे की मधले मुक्काम दिसतच नाहीत. परंतु दोन तक्रारी परभणी जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली मुख्याध्यापकांची. रिचर्ड हॅरिस २००२ साली वारले आणि तिसऱ्यापासून डंबलडोरच्या जागी मायकेल गॅम्बन आले. स्पर्धेच्या चषकातून हॅरीच्या नावाची चिठ्ठी निघते, तेव्हा ती तू टाकलीस काय, असे मुख्याध्यापक त्याला विचारतात. पुस्तकात हे विचारणे शांतपणे झाल्याचे लेखिकेने मुद्दाम नमूद केले आहे, आणि चित्रपटात तेच वयोवृद्ध गृहस्थ वाऱ्यासारखे धावत येऊन पोराला धरतात, मागे रेटतात आणि गदागदा हलवितात. जगभरचे वाचक या एका क्रियाविशेषणाचे सुतक अद्याप पाळीत आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत असे घडते तर दुसऱ्या दिवशी अर्धे गाव गटशिक्षणाधिकाऱ्याच्या दारात बसते.

दुसरी तक्रार पाटलांच्या मुलींची. ब्रिटनमधील त्या जादूच्या शाळेत पार्वती पाटील आणि पद्मा पाटील अशा दोन जुळ्या बहिणी शिकतात, ही वार्ता आमच्या गल्लीत प्रथम पोहोचली तेव्हा त्या कोणत्या पाटलांच्या, जिंतूरकडच्या की सेलूकडच्या, अशी विचारपूस झाली होती. पुस्तकात पार्वती ग्रिफिंडॉर घराण्यात व पद्मा रेव्हनक्लॉ घराण्यात, म्हणजे निजामी गावगाड्यात जसा माली पाटील वेगळा आणि पोलीस पाटील वेगळा, दोघेही पाटीलच परंतु दोघांचे दफ्तर निराळे, तशी ही रीतसर वाटणी होती. चित्रपटात दोघींना एकाच घराण्यात नेऊन बसविले. वतने १९६२ च्या कायद्याने गेली, परंतु त्या कायद्यातही एका बहिणीचे घर दुसरीच्या नावे करावे असे कलम नाही. नाचाच्या रात्री पुस्तकात एकीचा पेहराव भडक गुलाबी व दुसरीचा मोरपिशी आहे, चित्रपटात दोघींना एकाच ताग्यातून काढल्यासारखे नारिंगी-गुलाबी कपडे शिवले आहेत, आणि ते पाहून पेशकारसाहेबांच्या सूनबाई, ज्या एरवी या खटल्यात साक्षीदार म्हणूनही येत नाहीत, त्या स्वयंपाकघरातून बाहेर येऊन “पोरींना काय हे नेसवलंय!” एवढे बोलून परत गेल्या. हॅरी आणि त्याचा मित्र रॉन या दोघींना नाचाला नेऊन खुर्चीवर बसवून ठेवतात. ही हेळसांड मात्र पुस्तकातही आहे, त्यामुळे रुजुवातीत तिच्यापुढे नाइलाजाने ‘बरोबर’ असा शेरा मारावा लागला.

येट्स यांच्या चार चित्रपटांबद्दल बोलताना एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकलीच पाहिजे. पाचवा चित्रपट जुलै २००७ मध्ये लागला आणि सातवे पुस्तक त्याच महिन्यात बाहेर आले. म्हणजे पहिले पाच चित्रपट करणाऱ्यांना गोष्टीचा शेवट छापील स्वरूपात पाहावयास मिळालाच नव्हता, आणि पुढे कशाची गरज पडेल हे ठाऊक नसताना त्यांना कात्री चालवावी लागली. पाचव्यातून क्रीचर नावाचा तो कुरकुऱ्या घरगडी गाळला जाणार होता, तो लेखिकेने सांगितले म्हणून राहिला. परंतु सगळ्याच गोष्टी कोणी सांगितल्या नाहीत. सिरियसने हॅरीस दिलेला आरसा पाचव्या चित्रपटात गाळला. सातव्यात त्याच आरशाचा तुकडा हॅरीच्या हातात, आणि तो कोठून आला याचा पत्ता नाही. डेडस्टॉक रजिस्टरात ज्याची आवक नाही अशी वस्तू शिलकेत सापडली म्हणजे भांडारपालाची जी अवस्था होते, तीच त्या प्रसंगी नातीसमोर आजोबांची झाली. कारण ती वस्तू पुस्तकात कोणत्या पानावर मिळते ते तिने आधीच काढून ठेवले होते.

सहाव्या चित्रपटाच्या छायालेखनास ऑस्करचे नामांकन मिळाले होते. ते योग्यच असेल. परंतु तो इतका काळोखात चित्रित केला आहे की भर दुपारी, पश्चिमेकडील खिडकीतून झळा येत असताना, आमच्या संचावर त्यात पेशकारसाहेबांचे स्वतःचे प्रतिबिंब तेवढे स्पष्ट दिसते. त्याच चित्रपटात खलपुरुषांची टोळी रॉनचे घर पेटवून देते. हा प्रसंग पुस्तकात नाही. बरे, जाळले तर जाळले. परंतु पुढच्याच चित्रपटात ते घर जसेच्या तसे उभे, आणि अंगणात लग्नाचा मांडव! अतिवृष्टीत पडलेल्या भिंतीच्या पंचनाम्यासाठी तलाठ्याच्या मागे हिंडलेल्या जिल्ह्यातील प्रेक्षकाला सबंध मालेत याहून मोठी जादू दुसरी वाटत नाही.

आणि मग तो शेवट. पुस्तकात खलपुरुष व्होल्डेमॉर्ट शाळेच्या भोजनकक्षात, पहाटेच्या प्रकाशात, शेकडो साक्षीदारांच्या समक्ष पडतो, आणि सामान्य मनुष्यासारखे त्याचे प्रेत जमिनीवर राहते. त्यातच लेखिकेचा सगळा मुद्दा आहे: ज्याने अमर होण्यासाठी सात ग्रंथ खर्ची घातले, तो शेवटी चारचौघांसारखाच पडला. चित्रपटात दोघे एका ओसाड चौकात एकटेच भिडतात आणि खलपुरुषाचे जळक्या कागदासारखे कपटे होऊन वाऱ्यावर उडून जातात. पंच नाहीत, प्रेत नाही, मग मृत्यूचा दाखला कोणी द्यावा? आणि दाखला नाही तर वारसनोंद कशी व्हावी? त्यावर कडी म्हणजे जगातील सर्वांत समर्थ कांडी हॅरी मोडून दरीत फेकून देतो; पुस्तकात तो तिने आधी आपली स्वतःची मोडलेली कांडी सांधून घेतो आणि मग ती डंबलडोरच्या थडग्यात परत ठेवण्याचे ठरवितो. हॅरी हा पुस्तकात व्यवहारी पोरगा आहे. चित्रपटाने त्याला सरकारी मालमत्तेची नासधूस करावयास लावले, आणि तीही आधी स्वतःचे काम न उरकता. हे पेशकारसाहेबांना सर्वांत जास्त झोंबले.

आता कोणी म्हणेल, की ज्या जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईसोबत प्रत्यक्ष पंढरीचा देव दळण दळत बसतो, तेथल्या माणसांना मूळ पाठाचा एवढा आग्रह शोभत नाही. श्रीधरस्वामींनी ‘पांडवप्रतापा’त व्यासांना सोयीप्रमाणे वळविले, कीर्तनकार श्रीधरस्वामींना वळवितो, दूरदर्शनच्या मालिकेने सर्वांनाच वळविले, आणि त्या सर्वांना आम्ही हात जोडले. हे खरे आहे. परंतु पोथी ऐकणाऱ्या आमच्या आजीच्या मांडीवर व्यासांची संहिता उघडी नव्हती. चित्रपटकर्त्यांचे दुर्दैव असे, की त्यांच्या मुळाची प्रत दहा वर्षांच्या पोरीच्या दप्तरात असते आणि तिला पाने तोंडपाठ असतात.

सबब फेरमोजणीचा हुकूम निघाला आहे. एचबीओने २०२३ साली या पुस्तकांवर नवी मालिका काढण्याचे जाहीर केले असून, एकेका पुस्तकास एकेक हंगाम देण्याचा बेत आहे. म्हणजे दर पानास अकरा सेकंदांची तंगी या खेपेस सांगता येणार नाही. त्या कामावरील अंमलदारांस या गल्लीतर्फे अर्ज एवढाच, की नकाशावरील चौघा सहीदारांची ओळख पटवावी, जळालेले घर पुन्हा उभे करावयाचे असल्यास मुळात जाळू नये, आणि पाटलांच्या दोघी मुलींना आपापल्या घरी पोहोचते करावे.